सहीच्या आधीचा प्रश्न
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



आपल्या शाळेच्या शाळा समितीवर माझी नेमणूक झाली, तेव्हा तुम्ही सर्वांनी कौतुक केलंत. आज त्या कामाचा खरा हिशेब देतो.

पहिलं वर्षभर मी चहा घेतला आणि इतिवृत्तावर सह्या केल्या. प्रवेशद्वाराच्या नव्या कमानीला आनंदाने हात वर केला. नंतर एकदा विज्ञानाच्या बाई सहज म्हणाल्या, "प्रयोगशाळेत पाणी येत नाही. मुलं प्रयोग नुसते बघतात." ही गोष्ट सभेत कधी आलीच नव्हती, कारण मी कधी विचारलंच नव्हतं.

शाळा चालवायची कोणी, हा पुण्याला जुनाच प्रश्न आहे. १८८० साली चिपळूणकर, टिळक, नामजोशींनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली. तिथे शिकवणारे आजीव सदस्यच कारभार पाहत. सदस्यांनी बाहेरची कामं घ्यावीत का, अशा प्रश्नांवर वाद विकोपाला गेला आणि १८९० साली टिळक बाहेर पडले. संस्था मात्र टिकली, कारण माणसं बदलली तरी कारभार चालेल अशी घडी बसवलेली होती.

आज आपल्यासारख्या शाळेच्या समितीत संस्थेचे प्रतिनिधी, शिक्षकांचा एक प्रतिनिधी आणि सचिव म्हणून मुख्याध्यापक असतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समितीही आणली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया हव्यात. म्हणजे खुर्च्या आहेत. त्यांवर बसून विचारणारी माणसं हवीत.

विचारणं म्हणजे ढवळाढवळ नव्हे. वर्गात कसं शिकवायचं, हे सर-बाईंनीच ठरवावं. पण पैसा कशावर खर्च झाला, कोणती मुलं मागे राहिली, हे समितीने विचारलंच पाहिजे.

प्रयोगशाळेत आता पाणी आलं आहे. कमानीवर देणगीदारांची नावं आहेत, नळावर कोणाचंच नाही.

आपल्या बॅचमध्ये सीए आहेत, इंजिनिअर आहेत, बँकेत हिशेब तपासणाऱ्या मैत्रिणी आहेत. पंखे आणि बाकं जरूर द्या. पण वर्षातल्या चार संध्याकाळीही द्या, आणि सही करण्याआधी कागद वाचा. मी वाचला नव्हता.