अणुवीज केंद्रातील यंत्र अभियंत्याचे काम
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



समितीने आम्हाला आमच्या नोकरीविषयी बोलायला सांगितले आहे. चंद्रपूरकरांना वीज केंद्र नवीन नाही. दुर्गापूरच्या चिमण्या आपण रोज पाहतो. हे 2920 मेगावॅटचे केंद्र कोळशावर चालते. आम्ही नोकरी केली ती तारापूरला. तेथे 1969 साली देशातले पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले.

लोक विचारतात, "तुम्ही अणू फोडता काय?" तसे नाही. कोळसा जाळा की युरेनियमचा अणू फोडा, दोन्हीकडे पाण्याची वाफ होते आणि वाफेवर टर्बाइन फिरते. त्यातले पंप, झडपा, नळ्या, बेअरिंग ठीक ठेवणे हे यंत्र अभियंत्याचे काम. फरक एवढाच, की कोळशाची धूळ डोळ्यांना दिसते. किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नाही, त्याचा चटकाही लागत नाही. म्हणून तेथे अंदाज चालत नाही. मोजायचे आणि लिहून ठेवायचे.

प्रत्येक कामगाराच्या छातीवर किरण मोजणारा बिल्ला असतो. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांची सरासरी दरवर्षी 20 मिलिसिव्हर्टच्या वर जाता कामा नये आणि कोणत्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. आत थांबण्याची मिनिटे कमी, तेवढे किरण कमी. म्हणून अवघड काम असले की त्याचा सराव आधी बाहेर करायचा. कोणता पाना कोणाच्या हातात राहील, हेसुद्धा ठरवून घ्यायचे.

कामाच्या परवान्यावर वरिष्ठ अभियंत्याची सही लागते. झडप बंद करून कुलूप लावले का, दाब उतरला का, किरण मोजले का, हे पाहूनच ती करायची. केंद्र बंद असले की "कधी सुरू करता?" अशी विचारणा होतच राहते. तेव्हा "अजून नाही" म्हणता आले पाहिजे. कारण आत जाणारा हेल्पर पुष्कळदा कंत्राटी असतो, आपल्यासारख्याच घरचा. बिल्ल्याच्या नोंदीतला आकडा त्याला कळत नसेल, तर तो समजावून सांगणे हेही आमचेच काम.

बाबासाहेब 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगार आणि वीज हे दोन्ही विषय त्यांच्या हाती होते. आम्हाला यातला अर्थ असा वाटतो, की वीज पाहिजे, पण कामगाराचा जीव घालून नाही.

पोरांनो आणि पोरींनो, मूल, सिंदेवाही, आरमोरीकडच्या मुलांनाही ही वाट मोकळी आहे. चंद्रपुरात 1996 पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पदवीनंतर गेट परीक्षा द्या. भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षण शाळा 1957 पासून अभियंते घडवते आहे. आयटीआय झालेल्या फिटरलाही अणुवीज केंद्रात प्रशिक्षणार्थी म्हणून घेतात.

गणित पक्के करा. आणि कोणत्याही कागदावर स्वतः पाहिल्याशिवाय सही करू नका, एवढेच सांगून आम्ही थांबतो.

जयभीम!