मंदावलेले आभासी यंत्र

एखाद्या वाड्यात आठ बिऱ्हाडे असावीत आणि आड मात्र एकच असावा. पाणी उशिरा मिळू लागले की प्रत्येक गृहिणी प्रथम आपल्याच दोराला नि घागरीला दोष देते. आभासी यंत्राचे असेच होते. एका संगणकाच्या पोटात अनेक स्वतंत्र संगणकांचा आभास निर्माण करण्याची ही विद्या नवी नव्हे. अमेरिकेतील केंब्रिज येथे आयबीएमच्या संशोधन केंद्रात १९६७ साली ‘सीपी-४०’ ही प्रणाली चालू झाली, ती १४ आभासी यंत्रे एकाच वेळी सांभाळू शकत असे.

असे यंत्र मंदावले की चालक बहुधा त्याला आणखी प्रोसेसर नि आणखी मेमरी देऊन मोकळा होतो. हे औषध पुष्कळदा रोगात भरच घालते. यजमान यंत्राजवळ खरे प्रोसेसर थोडे असतील, तर वाढलेल्या आभासी प्रोसेसरांची रांग तेवढी लांबते. म्हणून आधी ती रांग पाहावी. लिनक्समध्ये ‘टॉप’ ही आज्ञा दिली असता ‘एसटी’ या अक्षरांपाशी एक आकडा दिसतो. यंत्र कामास सिद्ध असूनही खरा प्रोसेसर दुसऱ्याच्या सेवेत गुंतल्याने वाया गेलेला तो काळ. तो सतत चढा असेल, तर कार्यक्रम लिहिणाऱ्या बिचाऱ्यास धारेवर धरण्यात अर्थ नाही. दोष शेजाऱ्यांत आहे. व्हीएमवेअरच्या प्रणालीत मात्र हे माप यजमानाकडे, ‘सीपीयू रेडी’ या नावाने शोधावे लागते.

मेमरीची कथा अधिक फसवी आहे. यजमानाने जवळ आहे त्याहून अधिक मेमरी वाटून ठेवलेली असते, आणि टंचाई आली की तो काही पाने गुपचूप डिस्कवर टाकतो. आभासी यंत्राला याची वार्ताही नसते. आपली मेमरी शाबूत आहे असेच ते सांगत राहते! याहून सौम्य तोड म्हणजे यंत्राच्या आत फुगा फुगवून नको असलेली पाने त्याच्याकडूनच मागून घेणे. कार्ल वॉल्डस्पर्गर यांनी २००२ साली तिचे सविस्तर वर्णन केले. परंतु फुगा अतोनात फुगला की आतले यंत्रही डिस्ककडे धावू लागते.

डिस्कच्या बाबतीत विसरलेल्या ‘स्नॅपशॉट’ची चौकशी अवश्य करावी. जुने स्नॅपशॉट साखळीने साचले, की एका वाचनासाठी अनेक फायली चाळाव्या लागू शकतात. ते काढून टाकणे हेही डिस्कला जड काम असल्यामुळे, वर्दळ नसलेल्या रात्रीच्या वेळीच हाती घ्यावे.