आधी निरीक्षण, मग अनुमान
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजक म्हणाले, "तू सॉफ्टवेअरमधली, कॉम्प्युटरवर बोल." पण ते मी रोजच करते. आज बोलणार आहे आमच्या बाबांच्या मोटारीवर. 1967ची फोक्सवॅगन बीटल. तुमच्यापैकी चौघा-पाच जणांनी ती शाळेच्या गेटपाशी ढकललेली आहे, त्यामुळे ओळख करून द्यायला नको.

गाडी बरीच वर्षं बंद होती. बाबांच्या आजारपणानंतर त्यांनी एकच हट्ट धरला, "मला तिच्यातून पन्हाळ्याला ने." मी पुण्याहून रजा काढून आले आणि बाबांच्या चाळीस वर्षांच्या मित्राने, आमच्या मिस्त्रीकाकांनी, इंजिन खोललं. उद्यमनगरात क्रँक घासून आणला, नवीन बेअरिंग घातली. मी इंजिनिअर म्हणून हौसेने बाहेरचे काही भाग स्वतः बसवले.

पहिल्या चाचणीला वाघबिळापर्यंत गाडी झकास गेली. तिथे चहाला थांबलो, इंजिन चालूच होतं, आणि तेलाचा लाल दिवा लुकलुकायला लागला.

या इंजिनाला रेडिएटर नाही. पंखा सिलिंडरवर हवा मारतो आणि बरीचशी उष्णता तेल वाहून नेतं. तेही जेमतेम अडीच लिटर. त्यामुळे तेलाचा दाब गेला की बेअरिंग जायला वेळ लागत नाही.

मी घरी येऊन काकांना फोन केला आणि बोलू नये ते बोलले. "बेअरिंग ढिली बसवलीत. आता पुन्हा सगळं इंजिन फोडावं लागणार." बाबा शेजारीच बसले होते. ते काहीच बोलले नाहीत, उठून आत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका प्रेशर गेज घेऊन दारात. म्हणाले, "पोरी, आधी मोजूया की. दिव्याचं काय, दिव्याचं बटणपण बिघडतंय."

बटण काढून त्या जागी गेज लावला. गार इंजिनला 40 पौंड. अर्धा तास फिरवून आणल्यावर आयडलला 4 आणि 2500 फेऱ्यांना 15. या इंजिनांना गरम असताना दर हजार फेऱ्यांमागे 10 पौंड असावेत, असा ठोकताळा आहे. म्हणजे दिवा खरं बोलत होता.

मी म्हटलं, "बघा, बेअरिंगच." काका म्हणाले, "इंजिन फोडायचं सगळ्यात शेवटी. जे चार नटांत दिसतंय ते आधी बघू."

खालचा रिलीफ व्हॉल्व्ह काढला. त्यातला प्लंजर अडकून उघडा राहिला तरी दाब पडतो. तो स्वच्छ होता, बोटाने सहज सरकत होता. मग पुली काढून ऑइल पंपाचं झाकण खोललं. आत एकमेकांत फिरणारे दोन गिअर. त्यांच्या तोंडावर झाकण जवळजवळ टेकलेलं लागतं, फट फार तर 0.1 मिलिमीटर. जास्त झाली की दाबाकडचं तेल त्या फटीतून मागे सरकतं. गार तेल घट्ट असतं, ते फारसं सरकत नाही. गरम होऊन पातळ झालं की सरकतं. म्हणून गार असताना सगळं ठीक दिसत होतं.

काकांनी फिलर गेज घातला. फट 0.3 निघाली. त्यांनी झाकणाचं पॅकिंग उचलून उजेडात धरलं आणि माझ्याकडे बघितलं.

ते पॅकिंग मी कापलेलं होतं. सेटमधलं पातळ कागदी पॅकिंग माझ्या हातून फाटलं, तेव्हा जाड शीटमधून मी दुसरं कापलं. जाड असलं की गळणार नाही, असा माझा हिशोब. आणि हे मी कुणाला सांगितलंही नव्हतं.

कामावर मी नवीन मुलांना रोज सांगते, चालणारी गोष्ट बिघडली की आधी आपण स्वतः शेवटचं काय बदललं ते बघा. इथे मात्र पहिलं बोट दुसऱ्याकडे दाखवलं.

पातळ पॅकिंग घातल्यावर गरम इंजिनला आयडलला 11 आणि 2500 फेऱ्यांना 30 पौंड आले. मी काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "माझ्याकडं नको, बाबाला सांग." बाबांना सांगितलं. त्या रविवारी पन्हाळ्याला जाताना पुढे बाबा, मागे काका. दिवा एकदाही लागला नाही.

आपल्या विज्ञानाच्या बाई आज समोर बसल्या आहेत. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असा क्रम असायचा. मी एकदा प्रयोग न करताच अनुमान लिहून ठेवलं होतं, तेव्हा बाईंनी त्या पानावर लाल फुली मारली होती. बाई, ती चूक मी चाळिशी ओलांडल्यावर पुन्हा केली, आणि या वेळी एका भल्या माणसाचं मन दुखावलं. फुली मारायला काका होते, हे माझं नशीब.

गाडी बाहेर उभी आहे. ढकलावी लागणार नाही. ज्यांना रंकाळ्यापर्यंत चक्कर मारायची आहे, त्यांनी जेवणानंतर यावं.