वनस्पतिशास्त्राचे अध्ययन आणि उपजीविका
(लिंबायत, सुरत येथील विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



तापी नदी खानदेशातून वाहत सुरतेस येते आणि समुद्रास मिळते. तिच्याच वाटेने खानदेशातील सहस्रावधी कुटुंबे पोटासाठी या नगरीत आली आणि लिंबायतीसारख्या वस्त्यांतून स्थिरावली. मागावर बारा-बारा तास उभे राहून जो पिता मुलास महाविद्यालयात पाठवतो, त्याच्या मुखी एक प्रश्न स्वाभाविकपणे येतो. मुलाने विज्ञानशाखेत वनस्पतिशास्त्र घेतले असे कळताच तो विचारतो, "झाडपाला शिकून पोट भरेल काय?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. त्यामागे घरातील तीन-चार वर्षांची मिळकत आणि धाकट्या भावंडांचे शिक्षण उभे असते. यास्तव त्याचे उत्तर सरळपणे दिले पाहिजे.

प्रथम, ही विद्या परकी नव्हे. सुश्रुताने स्थावर सृष्टीचे वनस्पती, वृक्ष, वीरुध आणि ओषधी असे चार वर्ग सांगितले आहेत. फुलावाचून फळणारी ती वनस्पती, फुले व फळे दोन्ही धारण करणारा तो वृक्ष, पसरणारी ती वीरुध आणि फळ पिकताच जिचा अंत होतो ती ओषधी. तथापि केवळ ग्रंथाने सर्व कार्य साधत नाही. 'रास्ना' हे एकच नाव घ्या. त्या नावाने गुजरातेत व उत्तरेत एक लहान झुडूप वापरले जाते, बंगालात झाडाच्या फांदीवर वाढणारे आमर, तर दक्षिणेत आल्याच्या कुळातील कुलिंजन. अशोकाचेही तसेच. रस्त्याच्या कडेला सरळ उंच वाढणारा तथाकथित अशोक निराळ्या कुळातला. औषधात सांगितलेला तो केशरी-तांबड्या फुलांच्या गुच्छांचा सीतेचा अशोक. बाजारात एकाची साल दुसऱ्याच्या नावाने खपते आणि त्याचे फळ रुग्णास भोगावे लागते. शब्दाचा अर्थ कोशात सापडतो. वनस्पतीची ओळख मात्र पान, फूल, बीज आणि सूक्ष्मदर्शकाखालील पेशी यांतच सापडते. म्हणूनच आयुर्वेदीय औषधनिर्मितीच्या शासकीय नियमांत गुणपरीक्षेच्या कामी आयुर्वेदज्ञ व रसायनज्ञ यांच्या जोडीला वनस्पतिज्ञाचीही गणना केलेली आहे. उपजीविकेची ही पहिली वाट.

दुसरे उदाहरण खुद्द सुरतेचे आहे. ज्या नगरीत घरोघरी धाग्याचा व्यवहार चालतो, त्याच नगरीतील कापूस संशोधन केंद्रात डॉ. चंद्रकांत पटेल यांनी 'संकर-४' हे वाण सिद्ध केले. १९७० साली ते शेतकऱ्यांच्या हाती आले. व्यापारी प्रमाणावर लागवडीत आलेले ते जगातील पहिले संकरित कापसाचे वाण होय. त्यातील युक्ती समजून घेण्यासारखी आहे. कपाशीच्या एकाच फुलात पुंकेसर व स्त्रीकेसर दोन्ही असतात. त्यामुळे फूल आपल्याच परागाने फळते. म्हणून उमलण्याच्या आदल्या दिवशी कळीतील पुंकेसर हाताने काढून टाकावयाचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निवडलेल्या दुसऱ्या वाणाचे पराग त्या फुलास लावावयाचे. हे कार्य फुलाफुलागणिक करावे लागते, आणि संकराचे गुण पुढच्या पिढीत विखुरत असल्यामुळे बीजही प्रतिवर्षी नव्याने तयार करावे लागते. पुष्परचना आणि आनुवंशिकी यांचा जो धडा वर्गात रुक्ष वाटतो, त्याच धड्यातून शेतकऱ्याचे पीक वाढले आणि बीजोत्पादनाचा एक नवा व्यवसाय उभा राहिला.

खानदेशच्या केळीचेही तसेच आहे. जळगावच्या परिसरात प्रयोगशाळेतील काचपात्रात ऊतिसंवर्धनाने वाढविलेली रोपे आज सहस्रावधी शेतांत लागतात. वनस्पतीच्या सूक्ष्म अंकुरापासून एकसारखी व निरोगी रोपे सिद्ध करणाऱ्या या कार्यास वनस्पतिशास्त्राचे पदवीधर लागतात. ज्या गावांहून ही कुटुंबे आली, त्याच गावांना या विद्येची आज गरज आहे.

वाटा आणखीही आहेत. भारतीय वनसेवेच्या परीक्षेस बसण्यास वनस्पतिशास्त्राची पदवी पात्र ठरते. १८९० साली स्थापन झालेल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागाचे केंद्र पुण्यास आहे. तेथे वनस्पतींचा शोध, नामनिर्णय व शुष्क नमुन्यांचा संग्रह हे कार्य चालते. शाळा-महाविद्यालयांतील अध्यापन, रोपवाटिका, उद्यानव्यवस्था, पर्यावरण-परीक्षण हीही क्षेत्रे आहेत. डांगचे अरण्य आणि वघईचे वनस्पती उद्यान सुरतेपासून फार दूर नाहीत. विद्यार्थ्याने ते पाहिल्याविना पदवी घेऊ नये.

परंतु सत्य लपवून उपयोग नाही. केवळ पदवीपत्राने नोकरी हाती येत नाही. संशोधन व महाविद्यालयीन अध्यापन यांसाठी पदव्युत्तर शिक्षण आणि राष्ट्रीय पात्रता परीक्षा आवश्यक ठरते. वनसेवेच्या जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ असतात. अन्यत्र प्रवेश मिळाला नाही म्हणून नाइलाजाने हा विषय घेणारा बहुधा निराश होतो. ज्यास घेणे असेल त्याने पहिल्या वर्षापासूनच इंग्रजी परिभाषा, संख्याशास्त्र आणि सूक्ष्मदर्शकावरील हात ही तीन साधने पक्की करावीत. पालकांनीही पदवीनंतर आणखी दोन वर्षांच्या खर्चाचा विचार आधीच करून ठेवावा. मार्गदर्शनाची पाठ्यवृत्ती ज्ञानाच्या जोरावर मिळू शकते. पण तिच्या भरवशावर घर गहाण टाकू नये.

शेवटी एका पुरुषाचे स्मरण उचित ठरेल. १८८४ साली मालवणास जन्मलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर उच्च अध्ययनासाठी जर्मनीस गेले असता पहिल्या महायुद्धात सापडले आणि त्यांना तेथे स्थानबद्ध व्हावे लागले. तरी त्यांनी अध्ययन सोडले नाही. बर्लिनची डॉक्टरेट मिळवून ते कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले. निवृत्तीनंतर विश्रांती न घेता १९४६ साली त्यांनी पुण्यास महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन केली आणि १९६० साली देह ठेवीपर्यंत ती वाढविली. तिची संशोधनसंस्था १९९२ पासून त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

तेव्हा पित्याच्या प्रश्नाचे उत्तर असे: झाडपाल्याने पोट भरते, मात्र ज्याने तो मनापासून ओळखला त्याचेच. मुलाने विषय निवडण्यापूर्वी एक रविवार शेतात वा अरण्यात घालवावा आणि पित्याने त्याच्यासोबत जावे. सायंकाळी परतताना मुलाच्या मनात नवे प्रश्न उभे राहिले असतील, तर तो विषय त्याचा आहे असे निःशंक समजावे.