उन्हाळ्यातली सांदवाडी

मार्च सरत आला की गोंदिया जिल्ह्यातली गावं भल्या पहाटे जागी होतात. मोहफुलं रात्रीतून गळतात आणि ऊन चढायच्या आत ती वेचायची असतात. आजीपासून नातवंडांपर्यंत सगळं घर टोपल्या घेऊन झाडाखाली. उन्हं तापली की पाय वळतात घरामागच्या सांदवाडीकडे, आणि माझ्या मते घराची खरी शोभा तिथेच असते.

एप्रिलात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा वाडी टिकवायची कशी? भाताच्या या जिल्ह्यात तणसाला तोटा नाही. वांगी-मिरचीच्या आळ्यांत त्याचा जाडसर थर अंथरा, ओल बराच काळ टिकते. मात्र तो खोडाला चिकटवू नका आणि घराच्या भिंतीपासूनही दूर ठेवा, नाहीतर उधईला आयतं आमंत्रण! वेलांजवळ मातीचं भाजलेलं, बिनझिलईचं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्यानं भरा. माती सुकेल तसं पाणी पाझरतं, मुळांना मिळतं. दोडका, कारलं यांना हे छान मानवतं. मडक्यावर झाकणी हवीच, नाहीतर डास होतात.

आता मोगरा. हा उन्हाचाच गडी. जानेवारीत छाटला असेल तर आता कळ्यांनी भरेल. पाणी सकाळी लवकर घाला. कळ्या संध्याकाळी मिटलेल्या असतानाच तोडा, त्या रात्री उमलतात. दोन-चार पिण्याच्या माठात सोडा. पोरं मग पाणी मागायला आपणहून येतात.