नवजात शिशूंची मस्तिष्क सोनोग्राफी : आरोग्याचे अर्थकारण



बंगळुरूच्या शिवाजीनगरात बौरिंग व लेडी कर्झन आणि घोषा ही दोन जुनी सरकारी रुग्णालये आहेत. ज्यांना खासगी उपचार परवडत नाहीत, अशा कुटुंबांना प्रसूती व बालोपचारासाठी अशाच रुग्णालयांचा आधार असतो. तेथे जगलेले प्रत्येक बालक पुढे कसे जगते, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

गर्भावस्थेचे 32 आठवडे पूर्ण होण्याआधी किंवा 1,500 ग्रॅमपेक्षा कमी वजनाने जन्मलेल्या बालकाच्या मेंदूतील रक्तवाहिन्या अत्यंत नाजूक असतात. तेथील रक्तस्राव बहुधा पहिल्या 72 तासांत होतो आणि अनेकदा बाहेरून कोणतेही लक्षण दिसत नाही. टाळूचे हाड अद्याप जुळलेले नसल्याने तेथून ध्वनिलहरी मेंदूपर्यंत पोहोचतात. या तपासणीत क्ष-किरण वापरले जात नाहीत, भूल द्यावी लागत नाही आणि बालकाला कक्षाबाहेरही न्यावे लागत नाही. रक्तस्रावाची चार श्रेणींतील वर्गवारी 1978 पासून प्रचलित आहे. मेंदूच्या श्वेतद्रव्याची हानी मात्र काही आठवड्यांनी स्पष्ट होते. म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते.

झालेला रक्तस्राव पुसून टाकणारा उपचार नाही. तथापि मेंदूत पाणी साचत असल्यास वेळीच शस्त्रक्रिया करता येते आणि धोका असलेल्या बालकाला लवकर भौतिकोपचार मिळू शकतो. तपासणी निर्दोष आली तरी पुढील विकासावर लक्ष ठेवावेच लागते.

2020 च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार देशातील नवजात मृत्युदर हजारी 20 होता. 2030 पर्यंत तो एक अंकी करण्याचे उद्दिष्ट 2014 च्या भारत नवजात कृती आराखड्यात आहे. परंतु वाचलेल्या बालकाला आलेले अपंगत्व या दरात मोजले जात नाही. त्याचा भार कुटुंबाच्या मिळकतीवर, विशेषतः आईच्या रोजगारावर, पडतो.

2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी संस्थांत आजारी नवजाताचे निदान व उपचार मोफत केले, तर 2013 च्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची तरतूद केली. यंत्र निधीतून मिळते; दुर्मीळ असतो तो प्रशिक्षित हात. शिवाय गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्यान्वये सोनोग्राफी यंत्राची नोंदणी अनिवार्य असते. स्त्रीभ्रूणाच्या रक्षणासाठी हा निर्बंध आवश्यकच आहे. म्हणून नवजात कक्षाच्या नियोजनातच नोंदणीचा विचार झाला पाहिजे.

मार्ग कर्नाटकानेच दाखविला आहे. 2008 मध्ये सुरू झालेल्या ‘किडरॉप’ उपक्रमात प्रशिक्षित तंत्रज्ञ मुदतपूर्व बालकांच्या दृष्टिपटलाची छायाचित्रे घेतात आणि दूरस्थ तज्ज्ञ निदान करतात. मस्तिष्क तपासणीलाही ही पद्धत उपयुक्त ठरू शकेल.

सारांश, तपासणी, तिचे वाचन आणि पाठपुरावा ही एकच साखळी आहे. तिची एक कडी तुटली तर उरलेल्या दोन्हींवरील खर्च वाया जातो. बालक वाचविणे हे आरोग्यव्यवस्थेचे पहिले कर्तव्य होय. त्याला सक्षम जीवन मिळवून देणे हे दुसरे, आणि तितकेच महत्त्वाचे.