कोतवालबुकापासून व्हिसापर्यंत

परदेशी कायमचे राहावयास जाणे म्हणजे केवळ तिकीट काढून विमानात बसणे नव्हे. आपण कोण, कोणाचे, कोठे व केव्हा जन्मलो, हे जाणाऱ्याने कागदावर सिद्ध करावे लागते. ही उत्तरे प्रत्येकास ठाऊक असतात. परंतु ठाऊक असणे निराळे आणि सिद्ध करता येणे निराळे. बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या कुटुंबावर हा प्रसंग आला म्हणजे या दोहोंतील अंतर किती मोठे आहे, याचा प्रत्यय येतो.

अमेरिकेचेच उदाहरण घ्यावे. तेथे वस्तीस जाणाऱ्याने निघण्यापूर्वीच वकिलातीतून व्हिसा मिळवावा, हा दंडक १९२४ च्या कायद्याने घातला. त्या काळी हिंदी माणसास ते दार जवळजवळ बंदच होते. १९४६ साली ते किंचित उघडले, तेही वर्षाकाठी अवघ्या शंभर माणसांपुरते. पुढे १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार वाटे मोडले आणि कुटुंबाच्या नात्यास महत्त्व आले. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या अमेरिकन नागरिकास आपल्या आईबापांना बोलाविता येते, आणि त्यांना वर्षानुवर्षे रांगेत तिष्ठावे लागत नाही. भावाबहिणींना मात्र पंधरा वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागते.

आता मेहकर तालुक्यातील अशी एक वृद्ध माता कल्पावी, की जिचा मुलगा तिकडे नागरिक झाला आहे. तिचा जन्म १९४८ चा, मुलाचा १९६८ चा. पहिला पुरावा हवा तो हा, की हा मुलगा हिचाच. त्यासाठी मुलाच्या जन्माचा, आईचे नाव असलेला दाखला लागतो. घरची मंडळी सासरच्या गावी शोध करतात आणि रिक्त हस्ताने परततात. कारण उघड आहे. पहिले बाळंतपण माहेरी व्हावे, ही आपली रीत. आणि जन्माची नोंद होते ती जन्म जेथे झाला त्या गावी. दप्तर शोधावयाचे ते आजोळचे!

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. महाराष्ट्रात तो १ एप्रिल १९७० पासून अमलात आला. त्यापूर्वी वऱ्हाडात ही नोंद गावचा कोतवाल ठेवी. ती कोतवालबुके आता तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात आढळतात. तेथे नक्कल मिळाली तरी काम संपत नाही. कित्येक नोंदींत बापाचे नाव असते आणि पुढे केवळ 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढाच शब्द. कारण बारशाचे नाव कोतवालास कळविण्याची कोणास गरज वाटली नाही. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख असते खरी, पण ती कित्येकदा गुरुजींनी अंदाजाने घातलेली १ जून किंवा १ जुलै असते. कोतवालाने सरकारच्या गणतीसाठी लिहिले, गुरुजींनी वर्गात बसविण्यासाठी लिहिले. आपले हे दोन कागद एके दिवशी परदेशी अधिकाऱ्याच्या मेजावर शेजारी ठेवले जातील, ही कल्पना दोघांसही नव्हती.

सर्वांत अधिक ओढाताण होते ती स्त्रियांची. पुरुषाचे नाव जन्मभर एकच राहते. मुलीच्या नावापुढे आधी वडील व माहेरचे आडनाव, मग पती व सासरचे आडनाव. शिवाय लग्नात नावच पालटण्याची चाल. माहेरची गोदावरी सासरी लक्ष्मी होई. शाळेत गेलीच असेल तर दाखला गोदावरीचा, मतदारयादीत आणि पासपोर्टावर लक्ष्मी. या दोघी एकच, हे सबंध गावास माहीत असते. कागदास मात्र ते कोणी सांगितलेले नसते. तेव्हा विवाहनोंदणीचा दाखला आणि दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र, हे दुवे जुळवावे लागतात.

त्यात इंग्रजी अक्षरांची भर. एकच आडनाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळते. माणसांचे काय सांगावे, जिल्ह्याचे नावही कोठे 'बुलडाणा' तर कोठे 'बुलढाणा' असे दिसते! यास्तव मराठी कागदांचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर करविताना नावांची अक्षरे पासपोर्टाशी ताडून पाहावीत. जेथे मूळ कागदातच फरक आहे, तेथे तो लपवू नये, खुलासा जोडावा.

आणि नोंद मुळीच न सापडली तर? अशा वेळी 'करून देणारा' कोणी भेटतोच. त्याच्या वाटेस जाऊ नये. खोटा कागद दाखल झाल्याचे उघडकीस आले तर अमेरिकेचे दार कायमचे बंद होऊ शकते, आणि आईस मुलाकडे नेण्यासाठी केलेली लबाडी दोघांच्या आड येते. सरळ मार्ग उपलब्ध आहे. नोंद उपलब्ध नसल्याचा दाखला सक्षम कचेरीतून घ्यावा, आणि त्यासोबत शाळेचा दाखला व जन्माची प्रत्यक्ष माहिती असणाऱ्या वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. १९४८ साली जन्मलेल्या त्या मातेस स्वतःच्या जन्मासाठी बहुधा हाच आधार उरतो. परंतु तिचा जन्म पाहिलेली माणसे आता किती उरली असणार? कोतवालबुक कसरीने खाल्ले तर निदान तसा दाखला मिळतो. आठवण ठेवणारा मनुष्य गेला, की त्याची नक्कल कोठेच मिळत नाही.

पासपोर्ट कार्यालयाचा पोलीस दाखला, वैद्यकीय तपासणी, मुलाने द्यावयाचे पालनपोषणाच्या हमीचे प्रतिज्ञापत्र, हे सर्व क्रमाने होते. ते आजचे कागद आहेत, आज मिळतात. खरी कसोटी जुन्या कागदांची. मलकापूरला गाडीत बसून मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मुलाखतीस जाण्याचा दिवस उजाडतो, तो या कागदांचा मेळ बसल्यानंतरच.

ज्यांच्या घरून कोणी परदेशी जावयाचे नाही, त्यांनीही घरातील वृद्ध स्त्रियांस त्यांचे माहेरचे नाव, जन्मगाव आणि मुलांची जन्मस्थळे विचारून लिहून ठेवावीत, आणि नकला आताच काढाव्यात. व्हिसा लागो वा न लागो, आजीचे पहिले नाव नातवंडांना ठाऊक राहील, हा लाभही लहान नव्हे.